घरीं काय कळवावें?

बोईसरच्या पश्चिमेस, समुद्रालगत, तारापूरचा जुना किल्ला आहे. १७३९ च्या जानेवारी महिन्यांत मराठ्यांनीं ह्या किल्ल्यावर निकराचा हल्ला चढविला. वसईच्या मोहिमेचें तें एक अंग होतें. चिमाजीआप्पांची फौज उत्तर कोंकणांतील फिरंग्यांचीं ठाणीं एकामागून एक घेत चालली होती. तारापूरचा तट सुरुंगांनीं फोडावा लागला, आणि तट फुटल्यावरहि आंतील पोर्तुगीज शिबंदी हातघाईवर येऊन लढली. अखेर किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. परंतु ह्याच हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. ते पेशव्यांचे केवळ एक सरदार नव्हते. बाजीराव व चिमाजीआप्पा ह्या दोघां बंधूंस ते घरच्यासारखे होते.

इतिहासाच्या पुस्तकांत तारापूरचा विजय दोन ओळींत आटोपतो. पण किल्ला पडला त्या दिवशीं एक काम शिल्लक राहिलें होतें, आणि त्या कामीं तोफांचा किंवा सुरुंगांचा कांहीं उपयोग नव्हता. बाजी भिवरावांच्या आईस कळवावयाचें होतें.

पेशव्यांच्या घराण्याकडून वेणूबाईंस गेलेलें तें पत्र मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. पत्र लहानसें आहे. त्यांत मुलगा कोठें व कसा पडला, हें आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे. गेलेला माणूस आपला भाऊच होता, असें लिहिणारा सांगतो, आणि शेवटीं मातेनें विवेकानें धीर धरावा व ह्यापुढें मुलाच्या जागीं लिहिणाऱ्यासच मानावें, अशी तिची विनवणी करतो. पहिली गोष्ट सत्य, दुसरी सहभाग, तिसरी पुढचा आधार. घरापासून दूर, मरणाच्या दारीं असलेल्या किंवा तें दार ओलांडून गेलेल्या माणसाची खबर घरीं कशी द्यावी, ह्या प्रश्नाचें एक उत्तर तारापूरच्या ह्या हकीकतींत आहे.

हा प्रश्न वाटतो तितका लहान नाहीं. माणूस घरांत आजारी असतो तेव्हां बातमी कोणीं कोणास द्यावी, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. खाटेभोंवतीं सर्वच असतात. श्वास लागला, ग्लानि आली, डोळे उघडले, हें पाहणाऱ्यास सांगावें लागत नाहीं. दुखणेकरी आणि घर ह्यांच्यामध्यें अंतर पडलें म्हणजे सांगण्याचें काम जन्मास येतें. मराठेशाहींत हें अंतर मोहिमेनें पाडलें. घरचा कर्ता पुरुष आठ आठ महिने मुलुखगिरीवर, आणि घरच्यांच्या हातीं काय, तर जासूद आणि सांडणीस्वार ह्यांच्या वाटेकडे लावलेले डोळे. अशा पत्रांत राजकारणाच्या मजकुराशेजारीं कोणास ताप आला, कोणाची जखम भरत आली, कोणाचें पथ्य काय चाललें आहे, हेंहि लिहिलेलें असे. घरच्या माणसास तीच ओळ आधीं हवी असे.

ज्या घराण्यानें वेणूबाईंस पत्र धाडलें, त्या घराण्यावरहि लौकरच तीच पाळी आली. तारापूरच्या हल्ल्यास सुमारें पंधरा महिने होतात न होतात, तोंच २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदेकांठीं रावेरखेडीच्या मुक्कामीं बाजीराव ज्वरानें निवर्तले. चिमाजीआप्पा व बाजीरावांचे वडील चिरंजीव नानासाहेब त्या वेळीं कुलाब्याकडे आंगऱ्यांच्या प्रकरणांत गुंतले होते. दुखणें कळून नर्मदेकडे धांव घ्यावी इतकाहि अवकाश त्यांस मिळाला नाहीं. त्यांच्या हातीं आली ती मरणाचीच वार्ता. पुढें त्याच वर्षीं १७ डिसेंबरास, दीर्घ काळ छातीच्या विकारानें जर्जर झालेले चिमाजीआप्पाहि पुण्यास वारले. राधाबाईंनीं एकाच वर्षांत दोन्ही पुत्र गमावले. एक दूर नर्मदातीरीं गेला, दुसरा पुण्यांत. दुःखांत उणेंअधिक कोण करील? परंतु एका मुलाचें जाणें दृष्टीसमोरचें होतें, आणि दुसऱ्याचें केवळ कानांवर आलें होतें, एवढा भेद त्यांत खचित होता.

खबर उशीरां येणें हें एक दुःख होय, पण खबर अर्धवट येणें त्याहूनहि कठीण. ह्याची साक्ष पानपत देतें. १७६० सालच्या अखेरीस भाऊसाहेबांच्या छावणीशीं दळणवळण तुटलें आणि नानासाहेब पेशवे बातमीवांचून तळमळत उत्तरेकडे निघाले. १४ जानेवारी १७६१ रोजीं रणांत जें घडलें, तें त्यांस दहा दिवसांनीं, २४ तारखेस, भिलशाच्या मुक्कामीं एका सावकारी पत्रावरून कळलें. तें पत्र व्यापाऱ्यांच्या सांकेतिक भाषेंत होतें. त्यांत मोत्यें गळाल्याचा आणि मोहरा हरवल्याचा हिशेब होता. मोत्यें म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, हें वाचणाऱ्यानें ओळखावयाचें होतें. पत्र परक्याच्या हातीं पडल्यास अर्थ फुटूं नये म्हणून सावकारानें ही काळजी घेतली. त्याची सावधगिरी योग्यच होती. पण ज्याचा मुलगा गेला त्याला ती वार्ता हिशेबाच्या भाषेंत वाचावी लागली, आणि जवळ बसून ‘मी तेथें होतों’ असें सांगणारा कोणी नव्हता. नानासाहेब ह्या धक्क्यांतून सांवरले नाहींत. २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणांतून सुखरूप परत आल्या, पण पतीच्या मरणाची खात्री त्यांस कोणी पटवूं शकलें नाहीं. त्यांनीं वैधव्य मानलें नाहीं. ज्याच्याविषयीं निश्चित सांगणारा कोणी नाहीं, त्याची आशा धरण्यांत त्यांची चूक होती असें कोण म्हणेल? मात्र ह्या संशयाची किंमत सगळ्या राज्यानें मोजली. भाऊसाहेब म्हणवून घेणारा तोतया निघाला, माणसें त्याच्या नादीं लागलीं, आणि १७७६ सालीं त्याचें बंड मोडून त्याला देहांत शासन होईपर्यंत कारभाऱ्यांस स्वस्थता मिळाली नाहीं. जेथें खरी वार्ता पोंचत नाहीं, तेथें खोट्या वार्तेस वाट मोकळी होते, हा धडा त्यांत आहे.

थेऊरची हकीकत ह्याच्या उलट आहे. थोरले माधवराव पेशवे क्षयानें खंगत गेले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊरास वारले. त्यांचें दुखणें लांबलें, परंतु त्यांचीं माणसें त्यांच्याजवळ होतीं. स्वतः शुद्धीवर असतांना त्यांनीं आपल्या मागें काय व्हावें ह्याची नऊ कलमांची याद करविली. कर्ज फेडावें, घरांतील माणसांनीं एकोप्यानें चालावें, अशा गोष्टी दुखणेकऱ्यानें आपल्याच तोंडानें सांगितल्या. घरच्यांनीं त्याच्या वतीनें तर्क करावा, अशी वेळच त्यानें ठेवली नाहीं. अत्यवस्थ माणसाविषयीं बोलतांना त्याचें स्वतःचें म्हणणें काय होतें, हें विसरलें जातें. थेऊरास तें विसरलें गेलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत जगांत दुसरीकडेहि हाच प्रश्न पुढें आला. १८५४ नंतर क्रिमियाच्या युद्धांत स्कुटारी येथील रुग्णालयांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल जखमांची शुश्रूषा करीत, आणि त्याचबरोबर वारलेल्या शिपायांच्या घरीं पत्रें लिहीत. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटतांच रेडक्रॉसनें जिनीव्हा येथें युद्धकैद्यांच्या चौकशीचें कार्यालय उघडलें. लक्षावधि चौकशांचीं कार्डें वर्णानुक्रमानें लावून एकेका घराला उत्तर धाडण्याचें काम तेथें चाले. मेसोपोटेमियांत कूट येथें २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेलेल्या सैन्यांत मराठा पलटणीहि होत्या. सातारा, रत्नागिरी, कुलाबा ह्या बाजूच्या घरांनीं त्या वेळीं काय सोसलें असेल, ह्याची कल्पना पेशवाईंतील पत्रें वाचणारास सहज येईल. राज्य बदललें, शस्त्रें बदललीं, तरी उंबऱ्यावर बसून वाट पाहणें तेंच राहिलें.

मध्यंतरीं वाटा मात्र जलद झाल्या. १८६४ सालीं गुजरातेकडून येणारा लोहमार्ग मुंबईस मिळाला आणि पालघर, बोईसर ह्या गांवांवरून गाड्या धांवूं लागल्या. १८७९ सालीं पोस्टकार्ड निघालें. दुःखाच्या पत्रावर ‘श्री’ लिहीत नसत, म्हणून वरची कोरी जागा पाहतांच घरांतील माणसांस मजकूर वाचण्यापूर्वींच अर्थ कळे. तारायंत्र आल्यावर तर दारांत तारवाला दिसतांच बायकामाणसांच्या पोटांत गोळा उठूं लागला. ‘प्रकृति गंभीर, ताबडतोब निघा’ एवढ्या चार शब्दांत किती गंभीर, शुद्ध आहे कीं नाहीं, भेट होईल कीं नाहीं, ह्यांपैकीं एकाचेंहि उत्तर नसे. पुष्कळदां माणूस गेलेला असूनहि तारेंत ‘गंभीर’ असेंच लिहीत. प्रवासांत कोणी कोलमडूं नये हा त्यांतील हेतु. हेतु दयेचा खरा, पण गाडीच्या डब्यांत रात्रभर धरलेली आशा स्थानकावर उतरतांच मोडली, म्हणजे ती दया कठोर वाटे. २०१३ च्या जुलै महिन्यांत भारतांतील तारसेवा बंद झाली, परंतु तारेची ही रीत अजून माणसांच्या बोलण्यांतून गेलेली नाहीं.

कारण दुखणेकरी आणि घर ह्यांच्यामध्यें आतां एक नवें अंतर पडलें आहे. तें कोसांचें नसून एका दाराचें आहे. १९५२ सालीं कोपनहेगन येथें बालपक्षाघाताची भयंकर साथ आली. ब्यॉर्न इब्सेन नांवाच्या भूलतज्ज्ञानें श्वासनलिकेस छिद्र करून हातानें पिशवी दाबून श्वास देण्याचा उपाय सुचविला, आणि सुमारें पंधराशें विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें रोग्यांच्या उशाशीं बसून तो अमलांत आणला. पुढच्या वर्षीं तेथें अशा रोग्यांसाठीं स्वतंत्र विभाग निघाला. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम सामान्यतः येथूनच मानतात. ह्या विभागानें असंख्य प्राण वांचविले आहेत. मात्र त्यानें खाटेभोंवतींचीं माणसें दाराबाहेर आणून बसविलीं. आंत श्वसनयंत्र, बाहेर बांक, आणि मधल्या दाराकडे लागलेले डोळे, असें दृश्य आतां प्रत्येक शहरांत दिसतें.

तारापूरच्या परिसरांत तर हीं दोन्ही अंतरें एकत्र आलीं आहेत. १९६९ सालीं तारापूरची अणुवीज सुरू झाली. बोईसरच्या बाजूस औद्योगिक वसाहत वाढली, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील माणसें कामासाठीं येऊन राहिलीं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरीहि जड दुखण्याचा रोगी पुष्कळदां सुमारें शंभर किलोमीटरवरील मुंबईस न्यावा लागतो. डहाणू-तलासरीकडचा रोगी गुजरातेंतहि जातो. ११ जानेवारी २०२० रोजीं तारापूर औद्योगिक वसाहतींतील एका रसायनाच्या कारखान्यांत स्फोट होऊन आठ माणसें दगावलीं. अशा प्रसंगीं कामगाराचें घर हजार मैलांवर असतें, आणि त्या घरीं पहिला फोन कोणीं करावा, काय सांगावें, हें ठरविण्याची वेळ शेजारच्या खोलींतील सोबत्यावर येते. १७३९ सालीं तारापूरच्या छावणीवर आली होती ती हीच वेळ. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं कोरोनाची साथ पसरली, आणि रक्ताच्या नात्याच्या माणसांसहि अतिदक्षता विभागाचें दार बंद झालें. परिचारिकेनें हातीं धरलेल्या मोबाईलच्या पडद्यावर अनेकांनीं आपल्या माणसाचा चेहरा शेवटचा पाहिला.

वैद्यकशास्त्रानेंहि ह्या विषयाकडे आतां लक्ष दिलें आहे. भारतीय वैद्यक परिषदेनें २००२ सालीं घालून दिलेल्या आचारनियमांत असें कलम आहे कीं, वैद्यानें दुखण्याचें गांभीर्य वाढवूंहि नये आणि कमीहि करूं नये, आणि रोगी व त्याचे आप्त ह्यांस त्यांच्या हिताच्या दृष्टीनें आवश्यक तेवढें ज्ञान असल्याची खात्री करून घ्यावी. फ्रान्समध्यें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें दिसून आलें कीं, डॉक्टरांशीं बोलून आलेल्या निम्म्याहून अधिक नातेवाइकांस रोग काय, उपचार काय किंवा पुढें काय संभवतें, ह्यांपैकीं कांहींतरी समजलेलेंच नव्हतें. डॉक्टर बोलले नव्हते असें नाहीं; बोललेलें पोंचलें नव्हतें. २००७ सालीं तेथील बावीस अतिदक्षता विभागांत मरणोन्मुख अशा एकशें सव्वीस रोग्यांच्या नातेवाइकांसंबंधीं एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटास नेहमीच्या रीतीनें माहिती दिली. दुसऱ्या गटास एक लहानशी पुस्तिका दिली, आणि त्यांच्याबरोबरची बैठक मुद्दाम त्यांचें ऐकून घेण्यासाठीं योजली. पहिल्या गटांत नातेवाईक सुमारें पांच मिनिटें बोलले होते, दुसऱ्यांत चौदा. तीन महिन्यांनीं विचारपूस केली तेव्हां दुसऱ्या गटांतील माणसांच्या मनावरील आघात, चिंता आणि खिन्नता स्पष्टपणें कमी आढळली. रोगी दोन्हीकडचे बहुतेक दगावलेच. फरक पडला तो मागें राहिलेल्यांत, आणि तो नऊ मिनिटें अधिक ऐकून घेतल्यानें पडला.

जुन्या पत्रांचा आणि ह्या नव्या प्रयोगांचा निष्कर्ष एकच निघतो. सांगणारा एक असावा. दहा माणसांनीं डॉक्टरांस दहा वेळां विचारलें म्हणजे दहा निरनिराळ्या बातम्या गांवाकडे जातात. घरांतील एका स्थिर बुद्धीच्या माणसानें रोज ठरलेल्या वेळीं विचारावें, ऐकलेलें लिहून घ्यावें, आणि त्यानेंच इतरांस कळवावें. विशेष कांहीं घडलें नसलें तरी ‘कालच्यासारखेंच आहे’ एवढें तरी कळवावें, कारण न आलेल्या बातमीची जागा मन भयानें भरून काढतें. भाषा घरची असावी. पालघरच्या किनाऱ्यावर मांगेली, डोंगराकडे वारली, बोईसरच्या चाळींत हिंदी, सीमेकडे गुजराती चालते. ‘रक्तदाब औषधावर टिकून आहे’ ह्याचा अर्थ औषध काढल्यास तो टिकणार नाहीं, असा आहे, हें ज्या त्या बोलींत उलगडून सांगितलें नाहीं, तर ऐकणारा ‘टिकून आहे’ एवढेंच घेऊन घरीं जातो. ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक नाहीं असेंच सांगावें. दुखणेकरी शुद्धीवर असेल, तर काय कळवावें आणि कोणास, हें आधीं त्यालाच विचारावें. त्याचें दुखणें ही त्याची खासगी गोष्ट आहे. मोबाईलवर शंभर माणसांच्या समूहांत तें मांडण्यापूर्वीं पानपतच्या सावकारानें पाळलेला संकोच आठवण्याजोगा आहे. आणि शेवटची वार्ता द्यावयाची झाली, तर ती लेखी संदेशानें न देतां माणसाच्या तोंडून, जमल्यास घरीं जाऊन, द्यावी.

म्हातारी आई ऐकून खचेल म्हणून तिला सांगूंच नये, असें पुष्कळ घरांत आजहि म्हणतात. त्यामागें माया असते, ह्यांत शंका नाहीं. परंतु वेणूबाईहि म्हाताऱ्या आईच होत्या. त्यांचा मुलगा परत येणार नव्हता, आणि कोणत्याहि शब्दानें तो येणार नाहीं, हें पत्र लिहिणाऱ्यास ठाऊक होतें. म्हणून त्यानें शब्दांत लपण्याचा प्रयत्न केला नाहीं. जें झालें तें सांगितलें, तें आपलेंहि दुःख आहे असें सांगितलें, आणि ह्यापुढें मुलगा म्हणून आपल्याकडे पाहा, असें सांगितलें. तारापूरच्या तटावरून आतां समुद्राचा वारा मोकळा वाहतो. जवळच बोईसरला एखाद्या रुग्णालयाच्या बांकावर कोणीतरी गांवीं फोन लावून बसलेलें असतें. पहिलें वाक्य काय बोलावें, हें त्याला सुचत नसतें. अडीचशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं ह्याच मातींतून गेलेलें तें पत्र त्याला एवढेंच सांगेल: खरें सांग, आणि सांगून झाल्यावर फोन लगेच ठेवूं नकोस.